अर्जातलं ‘शून्य’

महिन्यातून एखादा तरी तरुण आमच्या शेडवर येतो. कुणी ओळखीतून येतो, कुणाला मशिनरीवाल्याने पाठवलेलं असतं. प्रश्न ठरलेला : “ताई, पावडर कोटिंगचं युनिट टाकतोय. जागा फायनल झालीय. प्रदूषण मंडळाचं कन्सेंट तेवढं कसं काढायचं?” मी चहा सांगते आणि आधी विचारते, इसार दिलास का? नाही म्हणाला तर माझा जीव भांड्यात पडतो. हो म्हणाला तर कपाटातून जुनी फाइल काढते आणि तिच्यातलं एक पान त्याच्यापुढे ठेवते. त्या पानावर ‘औद्योगिक सांडपाणी’ या रकान्यात मी स्वतः भरलेला आकडा आहे. शून्य.

तो आकडा खोटा होता. तो खोटा आहे हे मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं, पण कळून घ्यावं असंही वाटलं नव्हतं. त्याची किंमत आम्ही मोजली आणि आमच्याआधी आमच्या शेजाऱ्यांनी मोजली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं मूळ काम फॅब्रिकेशनचं. हातकणंगले तालुक्यात भाड्याच्या शेडमध्ये माझे मिस्टर आणि चार वेल्डर शेती अवजारांचे सांगाडे आणि गोदामाचे रॅक करायचे. हिशेब, बँक, टॅक्स, सगळी कागदपत्रं माझ्याकडे. फर्मही माझ्याच नावावर. गिऱ्हाइकांना रंग पावडर कोटिंगचा हवा असायचा. माल बाहेर कोटिंगला पाठवायचा तर भाडं जायचं, येता-जाता ओरखडे पडायचे आणि तारीख हातात राहायची नाही. २०१६ च्या दिवाळीत ठरलं, आपलंच कोटिंग टाकायचं. गावाबाहेर ओढ्याच्या कडेला वीस गुंठे मिळाले. स्वस्त होते, रस्ता होता, विजेची लाइन जवळ होती. आम्ही घेतले. ओढ्याकडे मी तेव्हा ‘पावसाळ्यात जरा ओल राहील’ एवढ्याच नजरेने पाहिलं.

पावडर कोटिंग म्हटलं की लोकांना कोरडं काम वाटतं. कोरडी पावडर उडवायची, ती विजेच्या भाराने पत्र्याला चिकटते, मग ओव्हनमध्ये साधारण १८० ते २०० अंशांवर भाजायची. यात पाणी कुठे आलं? पाणी येतं त्याआधी. लोखंडावर तेल असतं, गंज असतो. ते काढल्याशिवाय कोटिंग टिकत नाही, वर्षभरात पोपडे निघतात. म्हणून आधी सात टाक्यांची ओळ लागते. एका टाकीत अल्कली, तेल काढायला. एकीत आम्ल, गंज काढायला. एकीत झिंक फॉस्फेटचं द्रावण, पत्र्यावर बारीक थर बसवायला. मध्ये मध्ये साध्या पाण्याच्या टाक्या, धुवायला. प्रत्येक नग एका टाकीतून दुसरीत जाताना अंगावर थोडं द्रावण घेऊन जातो आणि ते साध्या पाण्यात उतरतं. ते पाणी रोज बदलावं लागतं, नाहीतर काम बिघडतं. आणि बदललेलं पाणी कुठेतरी सोडावं लागतं.

हे सगळं मला माहीत होतं. मशिनरीवाल्याने टाक्यांचा नकाशा आमच्या टेबलावरच काढून दिला होता.

अर्ज भरायला एक सल्लागार गाठले. ते म्हणाले, “मॅडम, उद्योगाचा प्रकार फॅब्रिकेशन लिहू. ड्राय प्रोसेस. ग्रीन कॅटेगरीत बसतं, फी कमी, लवकर सुटतं. कोटिंगचं नाव काढलं की उगाच लांबण लागेल.” मी विचारलं, “पण टाक्यांचं पाणी?” ते म्हणाले, “शोषखड्डा करा. एवढंसं तर पाणी.” मी कीबोर्डवर शून्य दाबलं. पुढचा रकाना भरला. पुढे घातक कचऱ्याचा रकाना होता, तिथेही ‘लागू नाही’. अर्ज सादर झाला आणि मला हायसं वाटलं.

माझं माहेर इचलकरंजीचं. २०१२ ची काविळीची साथ मी जवळून पाहिली आहे. आमच्या गल्लीतल्या दोन घरांतली माणसं दवाखान्यात होती. नळाचं पाणी उकळून उकळून आईचे हात भाजले होते. पंचगंगेवरून जाताना नाकाला पदर लावणाऱ्यांतली मी. दूषित पाणी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी शून्य लिहिलं, कारण पाणी थोडं होतं आणि मला घाई होती.

स्थापनेची संमती हिरव्या वर्गात मिळाली. शेड उभी राहिली. २०१८ च्या सुरुवातीला टाक्या भरल्या, ओव्हन पेटला. चालवण्याच्या संमतीचा अर्ज केलेला होता. ‘ट्रायल’ म्हणत म्हणत आम्ही पूर्ण उत्पादन घ्यायला लागलो. सहा महिने छान गेले. अकरा माणसं कामाला झाली.

जुलैत सलग आठ-दहा दिवस पाऊस लागला. एका सकाळी शेजारच्या रानातल्या काकू शेडच्या दारात आल्या. त्यांची विहीर आमच्या कुंपणापासून साठ-सत्तर पावलांवर. आत आल्या नाहीत, बाहेरूनच म्हणाल्या, “पोरी, हिरीचं पाणी बघ की जरा. म्हस तोंड लावंना झालीया.”

मी गेले. म्हशीपुढे घमेलं भरून ठेवलं होतं. तिने मान खाली घातली, वास घेतला, फुरफुरली आणि मान वळवली. काकूंनी घमेलं पुन्हा तिच्यासमोर सरकवलं, तिने पुन्हा मान वळवली. विहिरीत डोकावले तर कडेने करडा तवंग आणि पायरीच्या दगडाला पांढरट साय धरलेली. अशी साय मी रोज बघत होते, आमच्या फॉस्फेटच्या टाकीच्या काठावर. आमचा शोषखड्डा पावसाने काठोकाठ भरला होता आणि जमीन पाणी घेईनाशी झाली होती. खड्ड्यातलं पाणी उताराकडे निघालं होतं. उतार विहिरीकडे होता.

काकूंच्या मुलाने प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. त्याने ती केली हे योग्यच झालं. क्षेत्र अधिकारी आले ते दुपारी. त्यांनी काही विचारण्याआधी टाक्या मोजल्या. मग शोषखड्ड्यापाशी बसून पाण्यात पीएचची पट्टी बुडवली. पट्टी लाल झाली. कायद्याने बाहेर सोडायच्या पाण्याचा पीएच साडेपाच ते नऊच्या मध्ये असावा लागतो, आमचा तीनच्या आसपास होता. त्यांनी कॅनमध्ये नमुने भरले, सील केले, पाहणी अहवालावर माझी सही घेतली. निघताना माझ्या अर्जाची प्रत दाखवून एवढंच म्हणाले, “मॅडम, इथं शून्य लिहिलंय.”

पुढचं थोडक्यात सांगते. कारणे दाखवा नोटीस आली. मग जल कायद्याच्या कलम ३३अ खालचे बंदीचे निर्देश आले. या कलमाने मंडळ वीज आणि पाणी तोडायला सांगू शकतं, आणि सप्टेंबरमध्ये आमची वीज तुटली. चार महिने शेड अंधारात होती. कामगारांना अर्धा पगार देत राहिलो, तरी तिघे दुसरीकडे गेले, त्यांना दोष कसा देणार? पुण्याचं मोठं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. काकूंच्या घरी पाण्याचा टँकर आम्ही लावला, म्हशींचा वेगळा. विहीर तीनदा उपसून घेतली. टाक्या काढून टाकल्यावर, बँक गॅरंटी भरल्यावर, जानेवारी २०१९ मध्ये फक्त कोरड्या फॅब्रिकेशनसाठी वीज परत जोडून मिळाली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर आला. तो पूर या भागातला कुणी विसरणार नाही. ओढा फुगून आमच्या शेडमध्ये गुडघ्याच्या वर पाणी होतं, चार दिवस. ज्या ठिकाणी आम्लाची टाकी होती तिथून ते पाणी वाहत होतं. टाक्या तेव्हा रिकाम्या होऊन बाहेर निघाल्या होत्या, म्हणून वाचलो. आमच्यावर बंदी आली नसती तर हजारो लिटर आम्ल आणि फॉस्फेट त्या पुरातून सगळ्या शिवारात गेलं असतं. त्या रात्री माडीवर बसून मी हाच विचार करत होते. कारवाईबद्दल मनात जो राग होता तो तिथे संपला.

बंदीच्या त्या चार महिन्यांत मी कायदा वाचायला घेतला. वकिलाने सांगितलं म्हणून नाही. आपलं चुकलं कुठे हे मला स्वतःला समजून घ्यायचं होतं. जे समजलं ते आता सांगते.

उद्योगाचा रंग, म्हणजे प्रदूषणाच्या धोक्यानुसारचा वर्ग, त्याच्या नावावरून ठरत नाही. आत काय चालतं त्यावरून ठरतो. ‘फॅब्रिकेशन’ हे नाव. पण ‘कोरडी प्रक्रिया, उष्णता प्रक्रिया, पृष्ठभाग प्रक्रिया आणि रंगकाम नाही’ असं फॅब्रिकेशन कमी प्रदूषणाच्या वर्गात येतं, आणि त्याच शेडमध्ये फॉस्फेटिंगची टाकी आली की ते ‘धातूवरील पृष्ठभाग प्रक्रिया’ होऊन लाल वर्गात जातं. इलेक्ट्रोप्लेटिंग, पिकलिंग, गॅल्व्हनायझिंग यांच्या ओळीत. आम्ही हिरव्याचे नारिंगीही झालो नव्हतो, एकदम लाल झालो होतो, एका टाकीने.

ही विभागणी कुणाच्या लहरीवर चालत नाही. रंगांची कल्पना आली १९८९ मध्ये, दून खोऱ्यासाठी केंद्राने काढलेल्या अधिसूचनेबरोबर. तिथे चुनखडीच्या खाणींनी डोंगर पोखरले होते. दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, आपल्या डहाणू तालुक्यासाठी तशीच अधिसूचना निघाली. पुढे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये गुण देण्याची पद्धत आणली. पाण्याच्या प्रदूषणाला ४०, हवेच्या प्रदूषणाला ४०, घातक कचऱ्याला २०, असे शंभर. त्या पद्धतीत तेव्हा साठ किंवा जास्त गुण झाले की लाल, ४१ ते ५९ नारिंगी, २१ ते ४० हिरवा, २० पर्यंत पांढरा. म्हणजे हा परीक्षेचा उलटा निकाल आहे, गुण जितके जास्त तितका शेजाऱ्याला धोका जास्त. २०२५ मध्ये यादी आणि पद्धत पुन्हा सुधारली, सांडपाणी आणि कचरा प्रक्रियेसारख्या सेवांसाठी निळा वर्गही आला. तेव्हा तुमच्या मित्राने पाच वर्षांपूर्वी कुठल्या रंगात कन्सेंट काढलं होतं यावर जाऊ नका, ताजी यादी उघडा.

यादी वाचताना शब्द सोडू नका. नुसतं ‘बेकरी’ शोधून थांबलात तर फसाल. २०१६ च्या यादीत रोज एक टनाच्या आतली, गॅस किंवा विजेच्या भट्टीची बेकरी हिरव्यात होती. एक टनाच्या वर गेली की नारिंगीत. मागणी वाढली म्हणून दुसरी भट्टी लावणाऱ्या माणसाला वाटतं आपण धंदा वाढवला. वर्ग बदलला हे त्याच्या लक्षातच येत नाही. इंधन बदललं, क्षमता वाढली, एखादी धुण्याची पायरी वाढली, तर संमतीपत्रातही बदल करून घ्यावा लागतो. संमतीपत्रावर उत्पादनाचं नाव आणि प्रमाण लिहिलेलं असतं, तुमची परवानगी तेवढ्यापुरतीच.

दुसरा गोंधळ फार लोक करतात. ‘ए कॅटेगरी, बी कॅटेगरी’ आणि ‘रेड, ऑरेंज, ग्रीन’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ए आणि बी आहे १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेतलं. त्यात ठरावीक प्रकल्पांची यादी आहे. मोठे साखर कारखाने, डिस्टिलरी, खाणी, रासायनिक कारखाने, २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामं वगैरे. ए वर्ग दिल्लीला मंत्रालयात जातो, बी वर्ग राज्याच्या प्राधिकरणाकडे. बी मध्ये पुन्हा बी-१ आणि बी-२. बी-१ ला सविस्तर अहवाल लागतो आणि बहुतेक वेळा जनसुनावणी. ही पर्यावरण मंजुरी, म्हणजे ईसी. आपल्यासारख्या छोट्या युनिटला बहुतेक वेळा ती लागत नाही. पण ती लागत नाही म्हणून कन्सेंट लागत नाही, असं मुळीच नाही. कन्सेंट आहे १९७४ च्या जल कायद्याखाली आणि १९८१ च्या वायू कायद्याखाली, आणि ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घ्यायचं असतं. “आम्हाला ईसी नाही लागत” असं सांगून एका मुलाने बॉयलर बसवूनही टाकला होता. त्याला वेळेत कुणी टोकलं नव्हतं.

तिसरी गोष्ट मला वाचताना फार लागली. जल कायद्याच्या कलम २५ मध्ये लिहिलंय की मंडळाच्या पूर्वसंमतीशिवाय असा उद्योग उभारायचा नाही, आणि उभारण्याच्या दिशेने कोणतंही पाऊल टाकायचं नाही. कोणतंही पाऊल. पाया खणणं हेही पाऊलच. आणि याच्या उल्लंघनाला कलम ४४ मध्ये दीड ते सहा वर्षांची कैद लिहिली आहे. आपल्याकडे उलटं चालतं. आधी जागा, मग भूमिपूजन, मग शेड, मग मशिनरी, मग बँकेने मागितलं म्हणून कन्सेंट. तोवर इतका पैसा अडकलेला असतो की अर्जात खरं लिहायचं धाडस उरत नाही. माझं शून्य त्यातूनच आलं. अर्ज पहिल्या आठवड्यात, जागा घेण्याआधी भरला असता, तर मला खरं लिहायला काय अडचण होती? फार तर ‘इथे जमणार नाही’ असं कळलं असतं आणि मी दुसरी जागा शोधली असती.

म्हणून जागा बघायला जाताना रंग आधी ठरवून जा. लाल वर्गाला वाटेल ती जागा चालत नाही. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत ती जागा कुठल्या पट्ट्यात आहे ते नगररचना कार्यालयातून लेखी घ्या. त्यातला ‘ग्रीन झोन’ म्हणजे शेतीचा पट्टा, त्याचा ‘ग्रीन कॅटेगरी’शी काही संबंध नाही. हे दोन हिरवे एकच समजून जमिनी घेतलेली माणसं मला भेटली आहेत. डहाणू, महाबळेश्वर-पाचगणी, माथेरान अशा ठिकाणी वेगळ्या अधिसूचना आहेत, किनाऱ्यावर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम आहेत. तिथलं आधी वाचा. सांडपाणी निघणारच असेल तर सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र असलेली एमआयडीसी महाग वाटली तरी पुढे परवडते. आणि जागेवर पावसाळ्यात जा. उन्हाळ्यात ओढा दिसत नाही, उतार कळत नाही.

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, बिगरशेती आदेश, उद्यम नोंदणी, यांतलं काहीही कन्सेंटची जागा घेत नाही. आमच्याकडे तेव्हा ही तीनही कागदपत्रं होती (उद्यम नव्हतं, उद्योग आधार होतं) आणि मी ती अधिकाऱ्यांपुढे मांडलीही होती. त्यांनी शांतपणे बाजूला ठेवली.

आता अर्जाबद्दल. सल्लागार घ्या, त्यात गैर काही नाही, चांगले सल्लागारही असतात. पण पोर्टलवर खातं तुमच्या नावाने उघडा, ईमेल तुमचा द्या, मोबाइल तुमचा द्या. माझ्या अर्जात दोन्ही सल्लागारांचे होते. नंतर कळलं की चालवण्याच्या संमतीच्या अर्जावर कार्यालयाने पाण्याच्या वापराबद्दल एक प्रश्न विचारला होता. तो त्यांच्या ईमेलवर गेला आणि त्यांनी उत्तरही देऊन टाकलं होतं, माझ्या नावाने. तेव्हाच तो प्रश्न माझ्या डोळ्यांपुढे आला असता तर जुलैची वेळ आली नसती, असं मला वाटतं. नोटिशीवर नाव तुमचं येतं. सहीही तुमची असते. गुंतवणुकीचा आकडाही असाच. फी जागा, इमारत आणि मशिनरी यांच्या एकूण भांडवलावर ठरते, त्यासाठी सीएचा दाखला लागतो. तो कमी दाखवून काही हजार वाचतात आणि बँकेच्या कागदांशी मेळ बसला नाही की सगळा अर्ज संशयात येतो.

पाण्याचा हिशेब स्वतः करा. मी दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा हे असं केलं. तसलंच काम करणाऱ्या एका ओळखीच्या कारखान्यात दोन दिवस जाऊन बसले. वीस लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेतलं. प्रत्येक नळाखाली बादली किती सेकंदांत भरते ते पाहिलं, तो नळ दिवसात किती वेळ चालू असतो ते लिहिलं. कुठली टाकी कधी रिकामी करतात, ते पाणी कुठल्या नाल्यात जातं, तळाला गाळ किती बसतो, तो कुठे टाकतात. दुपारी पाणक्या मुलाला विचारलं, फरशी कशाने धुतोस? त्याने दाखवलेल्या पाइपाचं पाणी कुणाच्याच हिशेबात नव्हतं. संध्याकाळी एका पानावर चित्र काढलं : किती पाणी आत, किती वाफेत, किती बाहेर, बाहेर गेलेल्यात काय काय. ते पान हाच अर्जाचा गाभा. बाकीचे रकाने त्यातून आपोआप भरतात. हे पान काढता येत नसेल तर तुम्हाला तुमचा धंदा अजून पुरता माहीत नाही.

गाळाला विसरू नका. फॉस्फेटिंगचा गाळ घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत नावाने आहे, पहिल्या अनुसूचीत, धातूच्या पृष्ठभाग प्रक्रियेखाली. तो शेतात किंवा खड्ड्यात टाकता येत नाही, भंगारवाल्यालाही देता येत नाही. पोत्यात भरून, लेबल लावून, छपराखाली, पक्क्या फरशीवर ठेवायचा, ९० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त घातक कचरा केंद्राला पाठवायचा आणि प्रत्येक फेरीचा कागद जपायचा. त्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत. पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत. या दोन तारखा आमच्या देवघराशेजारच्या कॅलेंडरवर दरवर्षी पहिल्या दिवशी लाल पेनने लिहिल्या जातात.

दुसरा अर्ज लाल वर्गात, औद्योगिक वसाहतीतल्या भाड्याच्या शेडसाठी होता. सांडपाण्याच्या रकान्यात मी खरा आकडा लिहिला. प्रक्रिया कशी करणार ते लिहिलं : आम्लाचं आणि अल्कलीचं पाणी एकत्र करून चुन्याने पीएच वर आणायचा, म्हणजे जस्त आणि फॉस्फेट खाली बसतं, गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबायचा, वरचं स्वच्छ पाणी शक्य तितकं पुन्हा धुण्याच्या टाकीत घ्यायचं आणि उरलेलं सामायिक केंद्राकडे. अर्जावर तीन वेळा शंका आल्या, तिन्ही वेळा मी स्वतः उत्तर दिलं. पाच महिने लागले. हिरव्यात खोटं बोलून वाचलेल्या वेळापेक्षा हे पाच महिने मला फार हलके गेले. २०२१ पासून तिथलं काम सुरळीत चालू आहे. पाणी पुन्हा वापरायला लागल्यापासून आमचं पाण्याचं बिलही कमी आलं.

एक गोष्ट मात्र सरकारी यंत्रणेलाही सांगायची आहे. लहान गावातला वेल्डर, बेकरीवाला, गॅरेजवाला इंग्रजी यादीतली ती लांबलचक ओळ वाचून आपला वर्ग ठरवेल, ही अपेक्षा चुकीची आहे. मला तेव्हा साध्या मराठीत हे कुठेच सापडलं नाही. जिल्हा उद्योग केंद्रात कर्जाची फाइल देतानाच ‘तुमच्या कामात पाणी, धूर, गाळ काय निघतं?’ हे मराठीत विचारणारं एक पान जोडलं तर निम्म्या चुका तिथेच थांबतील. जागा घेण्याआधी माणूस तिथेच तर जातो.

काकूंच्या विहिरीचं पाणी आम्ही दर तीन महिन्यांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घेतो, खर्च आमचा. गेली तीन वर्षं अहवाल मर्यादेत आहेत. काकू ते अहवाल माझ्याकडून वाचून घेतात आणि घडी घालून डब्यात ठेवतात. उसाला ते पाणी देतात. प्यायला अजून नळाचंच.

आता तुमच्यासाठी. तुम्ही नवा उद्योग काढत असाल आणि अजून टाक्या भरल्या नसतील, भट्टी पेटवली नसेल, तर या आठवड्यात एक काम करा. तुमच्या जागेच्या उताराकडची जी पहिली विहीर किंवा बोअर असेल, तिच्या मालकाला भेटा. तुम्ही काय काढणार आहात ते स्पष्ट सांगा. त्यांच्या परवानगीने पाण्याचा नमुना तपासून घ्या आणि अहवालाची एक प्रत त्यांना द्या, एक फाइलला लावा. मग अर्ज उघडा, आणि सांडपाण्याच्या रकान्यात जो खरा असेल तो आकडा लिहा.